छताकडे पाहू नका

डाव्या हाताने काही करायचं नाही, एवढं आधी पक्कं करा. तो हात टोग्याचा घोळ सावरण्यासाठी आहे. लोकरीचं हे लांबलचक, जड वस्त्र अंगाभोवती गुंडाळून खांद्यावर टाकायचं आणि मग दिवसभर ते घसरू न देता वावरायचं, ही रोमन नागरिकाची रोजची कसरत. खुद्द रोमन लोकही जमेल तिथे ती टाळतात. आज मात्र टाळता येणार नाही. तुम्ही पॅलाटाइन टेकडी चढताय, आणि वर सम्राटासमोर अपिलं चालणार आहेत.

साल इ. स. 206, वसंत ऋतू. ही निवड माझी. ज्या खटल्यासाठी तुम्हाला इथवर आणलं, त्याची नोंद ज्युलियस पॉलस या कायदेपंडिताने करून ठेवली आहे, पण तिच्यावर तारीख नाही. मग तारीख आपल्या सोयीची का घेऊ नये? मागच्या वर्षी जानेवारीत सम्राटाचा उजवा हात समजला जाणारा, प्रेटोरियन सैन्याचा प्रमुख म्हणजे प्रीफेक्ट प्लॉटियानस याच राजवाड्यात मारला गेला. त्यानंतर ते पद पापिनियनकडे आलं. कायद्यात त्याच्या तोडीचा माणूस त्या काळात नव्हता. आणखी दोन वर्षांनी, 208 मध्ये, सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस ब्रिटनच्या मोहिमेवर निघेल, तो परत येणार नाही. मधली ही दोन-तीन वर्षं मला हवी होती. रोमच्या न्यायव्यवस्थेत एका दालनात इतकी विद्वत्ता फार वेळा गोळा झालेली नाही.

फोरम ओलांडताना तुम्ही सेव्हेरसची तीन वर्षांपूर्वी उभी राहिलेली कमान पाहिली. आज पर्यटक पाहतात तशी ती झिजलेली नाही. संगमरवराच्या कडा धारदार आहेत, लेखातली धातूची अक्षरं उन्हात चमकतायत. त्या लेखात सम्राटाच्या धाकट्या मुलाचं, गेटाचं नाव आहे. पाहून घ्या. सहा वर्षांनी थोरला भाऊ ते उखडून काढेल आणि त्या जागी स्तुतीचे चार शब्द बसवेल.

दारावरचे सैनिक इटलीचे नाहीत. 193 मध्ये सत्तेवर येताच सेव्हेरसने राजधानीतले जुने प्रेटोरियन पहारेकरी घरी पाठवले आणि डॅन्यूबकाठच्या सैन्यातून नवे भरले. शहरी रोमनांना त्यांच्या दिसण्याचीही धास्ती वाटते आणि बोलण्याचीही. त्यातला एक तुम्हाला आपादमस्तक न्याहाळतो आणि हनुवटीनेच आत जा म्हणतो.

आतल्या चौकात पक्षकारांची गर्दी आहे. चेहरे ओळखीचे वाटतील. जिल्हा न्यायालयाच्या व्हरांड्यात पुकाऱ्याची वाट पाहणारे हेच ते. कोणी कागद पुन्हा पुन्हा उघडून पाहतंय, कोणी वकिलाच्या मागे मागे फिरतंय. अर्धे लोक ग्रीकमध्ये बोलतायत. इथे लॅटिन आणि ग्रीक दोन्ही चालतात. सम्राटाला दोन्ही येतात. शिक्षण मनासारखं झालं नाही, ही त्याची खंत मात्र दरबारात सगळ्यांना माहीत आहे.

ही माणसं इथवर पोहोचली कशी? वाट तशी सोपी आहे. खालच्या न्यायाधीशाने निकाल दिल्यावर तिथेच, त्याच्या तोंडावर, मी अपील करतो असं म्हणायचं. तेवढं पुरतं. त्या क्षणी धाडस झालं नाही तर लेखी अर्ज द्यायचा: स्वतःचा खटला असेल तर दोन दिवसांत, दुसऱ्याच्या वतीने लढत असाल तर तीन दिवसांत. मग ज्या न्यायाधीशाविरुद्ध तक्रार, त्याच्याचकडून वरच्या न्यायालयासाठी पत्र मागून घ्यायचं. हा भाग अवघड. नाराज अधिकाऱ्याकडून कागद मिळवण्याचं शास्त्र तुम्हाला वेगळं शिकवायला नको.

बहुतेक प्रजा मात्र या चौकात कधीच येत नाही. ती अर्ज पाठवते. अर्जाच्या तळाशी सम्राटाच्या कचेरीतून दोन ओळींचं उत्तर लिहिलं जातं आणि तो कागद सार्वजनिक जागी लावला जातो. ज्याचा असेल त्याने येऊन नक्कल करून घ्यावी. सहा वर्षांपूर्वी सेव्हेरस अलेक्झांड्रियात होता, तेव्हा तिथल्या व्यायामशाळेच्या ओवरीत तीन दिवसांत अशी तेरा उत्तरं लागली. ती उतरवून घेतलेला पपायरस आजही शिल्लक आहे. या न्यायालयाला स्वतःची इमारत नाही, कायमचं नावही नाही. सम्राट जिथे उतरतो तिथे ते भरतं. चार वर्षांनी, 210 च्या मे महिन्यात, तो ब्रिटनच्या उत्तरेला यॉर्कमध्ये असेल. तिथूनही सेसिलिया नावाच्या एका बाईच्या मालकीहक्काच्या अर्जाला उत्तर जाईल. कुठे ती, कुठे ब्रिटनच्या उत्तरेची छावणी. पण उत्तर जाईल.

पुकारा झाला. चला.

आत शिरल्यावर छताकडे पाहू नका. पाहिलंतच तर एका जागी नजर खिळवू नका. तिथे आकाश रंगवलेलं आहे, पण शोभेचं नाही. सम्राटाच्या जन्मसमयीचे ग्रह आणि तारे आहेत ते. राजवाड्यात ज्या दोन दालनांत तो न्यायनिवाडा करतो, त्या दोन्हींच्या छतांवर त्याने आपली कुंडलीच चितारून घेतली आहे. फक्त जन्मवेळ ठरवणारा भाग दोन्हीकडे वेगवेगळा काढला आहे. थोडक्यात, पत्रिका सर्वांसमोर उघडी आणि लग्नराशी तेवढी झाकलेली. लग्न कळलं की कोणीही हुशार ज्योतिषी आयुष्याची दोरी किती लांब ते मोजेल, आणि सम्राट कधी मरणार हे विचारणं रोममध्ये देहान्ताचा गुन्हा आहे. मग छत रंगवलं तरी कशाला? माझा तर्क असा: खाली उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळावं की निवाडा करणारा माणूस ताऱ्यांनी नेमला आहे, आणि त्याच वेळी हेही कळावं की हिशेब मांडायला बसू नका.

आता समोर पाहा. उंच चौथऱ्यावरच्या आसनावर साठी ओलांडलेला, ठेंगणा, भक्कम बांध्याचा, दाढीवाला माणूस बसला आहे. एक पाय जरा पुढे, सैल. गाऊटने तो बेजार आहे. जन्म आजच्या लिबियातल्या लेप्टिस मॅग्नाचा. लॅटिन बोलताना आफ्रिकेचा हेल म्हातारपणापर्यंत गेला नाही असं सांगतात. डोक्यात पुष्कळ असतं, तोंडून थोडं निघतं. तो उजाडायच्या आधी उठून कामाला लागतो, मग साम्राज्याच्या गोष्टी बोलत-ऐकत फेऱ्या मारतो आणि मग इथे येऊन बसतो. मोठा सण असेल तरच सुट्टी. दुपारपर्यंत हे चालेल. त्यानंतर पाय साथ देतील तितका वेळ तो घोड्यावर रपेट करेल.

हे सगळं आपल्याला सांगणारा साक्षीदार याच दालनात आहे. बाजूच्या बाकावर सल्लागार मंडळी बसली आहेत, त्यांतला सिनेटर कॅसियस डिओ. हा पुढे रोमचा ऐंशी खंडांचा इतिहास लिहील. त्याच्या डोक्याकडे नीट पाहा: केस शाबूत आहेत. थोड्याच काळापूर्वी या केसांनी त्याला मोठा आधार दिला. झालं असं की अप्रोनियानस नावाच्या प्रांताधिकाऱ्यावर राजद्रोहाचा आरोप आला. कारण काय, तर तो सम्राट होईल असं स्वप्न त्याच्या दाईला पडलं होतं. साक्षीचा कागद सिनेटमध्ये वाचला जात होता. ही गोष्ट कोणी ऐकली, असं विचारल्यावर साक्षीदाराने म्हटलं होतं, एक टक्कल असलेला सिनेटर डोकावताना दिसला. नाव नाही, फक्त टक्कल. सभागृहातल्या विरळ केसांच्या सगळ्या मंडळींची गाळण उडाली. डिओने स्वतः लिहून ठेवलंय की त्याचाही हात नकळत डोक्याकडे गेला. शेवटी बेबियस मार्सेलिनस नावाच्या टकल्या सिनेटरवर बोट ठेवलं गेलं आणि त्याचं मुंडकं उडालं.

तेव्हा दालन भव्य आहे म्हणून भारावून जाऊ नका. 197 मध्ये प्रतिस्पर्धी अल्बायनसला हरवल्यावर याच सेव्हेरसने त्याच्या बाजूचे समजून एकोणतीस सिनेटर मारले. पस्तीस सोडलेही. डिओ दोन्ही आकडे देतो, आणि तोच डिओ, ज्याला या माणसाची भीती वाटायला पुरेशी कारणं होती, सांगतो की न्यायनिवाड्याला बसला की सेव्हेरस उत्तम बसायचा. पक्षकारांना पाण्याच्या घड्याळात भरपूर पाणी द्यायचा आणि सल्लागारांना मनात असेल ते बोलू द्यायचा.

ते घड्याळ खाली उजवीकडे आहे. भांड्याच्या बुडाला बारीक भोक, त्यातून पाणी निघून जातं; संपलं की वकिलाचं बोलणं संपलं. घाईतल्या न्यायाधीशाला पाणी कमी ओतण्याचा मोह होतो. इथला सेवक भांडं काठोकाठ भरतो.

बाकावर सम्राटाच्या सर्वांत जवळ पापिनियन. प्रेटोरियन सैन्याचा प्रमुख, त्यामुळे बाहेरचे ते डॅन्यूबचे शिपाईही त्याचेच. लवकरच त्याच्यासमोर बुल्ला नावाचा दरोडेखोर उभा केला जाईल. सहाशे माणसं घेऊन दोन वर्षं इटली लुटणारा. पापिनियन त्याला विचारेल, तू दरोडेखोर का झालास? तो उलट विचारेल, तुम्ही प्रीफेक्ट का झालात? डिओने हा किस्सा मजेत लिहिला आहे. पापिनियनला त्यात किती मजा वाटली असेल ते त्याच्या आत्ताच्या चेहऱ्यावरून तुम्हीच ठरवा. त्याच्या पलीकडे मेणाच्या पाटीवर टोकदार सळईने काहीतरी खुणा करत बसलेला तो पॉलस. आपला माणूस. त्याच्या हाताकडे लक्ष ठेवा.

पहिलं प्रकरण लवकर उरकेल. पॅक्ट्युमियस अँड्रोस्थेनिस नावाच्या माणसाने मृत्युपत्रात पॅक्ट्युमिया मॅग्ना या स्त्रीला वारस केलं होतं. ती नसेल तर तिचे वडील पॅक्ट्युमियस मॅग्नस. नावावरून अँड्रोस्थेनिस त्या घरचाच मुक्त झालेला गुलाम असावा. मॅग्नस मोठा माणूस, पण सम्राट कोमोडसच्या राजवटीत मारला गेला, आणि मुलगीही गेली अशी वार्ता आली. अँड्रोस्थेनिसने दुसरं मृत्युपत्र केलं. आपल्याला हवे ते वारस लाभले नाहीत म्हणून नोवियस रुफस वारस, असं कारणही त्यात घातलं. मग तो वारला. आणि मुलगी जिवंत निघाली. ती सम्राटाकडे दाद मागते आहे.

कायदा रुफसच्या बाजूने आहे. नंतरचं मृत्युपत्र आधीचं रद्द करतं, आणि त्यात दिलेलं कारण खोटं निघालं एवढ्यावरून ते सहसा मोडत नाही. सम्राट ऐकतो, बाकाकडे वळतो, थोडं बोलणं होतं. मग निकाल: मरणाऱ्याची खरी इच्छा पाहायची. वारसा मॅग्नाचा. पण दुसऱ्या मृत्युपत्रात इतरांना जी काही देणगी लिहिली असेल ती तिने भागवायची, जणू त्या मृत्युपत्रातही तिचंच नाव होतं. खाली गलका होतो. रुफसचा वकील तोंड उघडतो आणि मिटतो. हा निकाल मला फार आवडतो. हुकूम एकाच्या बाजूने झाला, तरी ज्या तिसऱ्या माणसांचा काही दोष नव्हता त्यांचं पान कोणी ओढून घेतलं नाही. पुढच्या प्रकरणात इतकं स्वच्छ काही होणार नाही.

पुन्हा पुकारा. रुटिलियाना.

ती अज्ञान आहे, कायद्याच्या अर्थाने. आपल्याकडे सातबाऱ्यावर अशा मुलांच्या नावापुढे अ. पा. क. लागतं, तशी इथेही तिच्या वतीने पालक उभे आहेत. ते नवे पालक आहेत. जुन्यांचं काय झालं ते कळेलच. गोष्ट अशी. तिचे वडील एमिलियस लारियानस यांनी ओविनियसकडून एक शेतवाडी घेतली, रुटिलियन वाडी म्हणून ओळखली जाणारी. काही रक्कम लगेच दिली. खरेदीखतात एक कलम होतं: उरलेल्या किमतीपैकी निम्मी दोन महिन्यांत दिली नाही तर खरेदी झालीच नाही असं समजायचं, त्यानंतरच्या दोन महिन्यांत बाकी रक्कम चुकती केली नाही तरीही तसंच. पहिले दोन महिने संपायच्या आत लारियानस वारले. मागे ही पोर. जमीन, कर्ज आणि ते कलम, तिन्ही तिच्या नावावर आली. पालकांनी पैसे भरले नाहीत. ओविनियसने त्यांना बजावलं, पुन्हा बजावलं, वर्ष जाऊ दिलं आणि मग वाडी क्लॉडियस टेलेमॅकसला विकून टाकली.

मुलीच्या वतीने मागणी एवढीच: सगळं पूर्ववत करा. अल्पवयीनाचं नुकसान झालं असेल तर व्यवहार उलटवण्याचा हा उपाय रोमन कायद्यात जुना आहे. प्रेटर या न्यायाधिकाऱ्याने नाही म्हटलं. नगराच्या प्रीफेक्टनेही नाही म्हटलं. म्हणून इथे.

वकिलांची भाषणं होतात, भांड्यातलं पाणी दोनदा संपतं. ती मी गाळतो. त्यातलं मर्म बाकावरच्या चर्चेत येणारच आहे. सम्राट बाकाकडे वळला की पुढे सरका. आवाज खाली येतील.

पॉलसचं मत स्पष्ट आहे: खालचे निकाल बरोबर आहेत. अज्ञानाला संरक्षण असतं ते त्याच्या स्वतःच्या व्यवहारापासून. हा करार मुलीने केला नाही. तिच्या वडिलांनी केला, आणि ते जाणते होते. वडिलांची सही वारसाच्या वयामुळे पुसली जायला लागली तर मेलेल्या माणसाच्या कुठल्याच करारावर कोणी भरवसा ठेवणार नाही.

सेव्हेरसला हे पुरेसं वाटत नाही. त्याचा मुद्दा वेगळा आहे. मुदत संपली ती कधी? वडील गेल्यावर, ही पोर वारस असताना. चूक घडली ती तिच्या काळात. मग ती तिची नाही, असं कसं म्हणता?

इथे पॉलस जे करतो ते पाहण्यासाठीच आपण आलो. गप्प बसून मान डोलावणं सोपं होतं. समोरचा माणूस काय करू शकतो हे बाकावरच्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पॉलस म्हणतो, मुदत नंतर संपली हे कारण मला पटत नाही. कर्जदार मेल्यावर परतफेडीची तारीख उलटली आणि सावकाराने गहाण वस्तू विकली, तर ती विक्री आपण मोडत नाही. इथे तरी का मोडावी? पण तुम्हाला मुलीला द्यायचंच असेल तर त्याला याहून चांगला आधार आहे. मुदत संपल्यावरही ओविनियस पैसे मागत राहिला. कलमाप्रमाणे खरेदी झालीच नाही असं मानायचं, तर मग किंमत कसली मागत होता? नोटीस देऊन आणि पैसे मागून त्याने स्वतःच ते कलम सोडून दिलं.

किती सुंदर चाल आहे ही. पॉलसने हार मानलेली नाही आणि सम्राटाला अडवलंही नाही. जायचंच असेल तर या वाटेने जा, ही पायवाट पक्की आहे, असं तो सुचवतो. राजाच्या दरबारात कायदा जाणणाऱ्याला बहुधा एवढीच जागा असते. कायद्यासाठी जीव टाकण्याचे प्रसंग क्वचित येतात, पण राजाला निदान बरं कारण शोधून देण्याचा प्रसंग रोज येतो. काही इतिहासकार याला चाकरी म्हणतील. मी म्हणणार नाही. नोटिशीचा तो मुद्दा मान्य झाला असता तर उद्या दुसऱ्या विक्रेत्यालाही तो लागू झाला असता. सम्राटाच्या दयेवर विसंबावं लागलं नसतं.

सेव्हेरस ऐकतो. मान हलवतो की नाही हे तुमच्या जागेवरून दिसत नाही. मग तो निकाल देतो: मुलीला सगळं पूर्ववत मिळावं. आणि कारण? पॉलसच्या नोंदीत ते कोरडेपणाने लिहिलेलं आहे. सम्राटाला मुळात असलं कलमच आवडत नव्हतं. आणखी एक गोष्ट त्याच्या मनात भरली होती: मुलीच्या जुन्या पालकांनी तेव्हाच दाद मागितली नव्हती, आणि ते संशयास्पद ठरवून हटवले गेले होते. म्हणजे पोरीचा बाप गेला, आणि ज्यांनी तिच्याकडे पाहायचं त्यांनीही पाहिलं नाही. या म्हाताऱ्याला ते टोचलं.

न आवडणारं कलम. लहान लेकरू. बेफिकीर पालक. माणूस म्हणून तुम्ही त्याच्या बाजूला झुकला असाल, मीही झुकतो. पण जरा थांबा. दोन न्यायालयांनी पाळलेला करार एका माणसाच्या नावडीमुळे मोडला. छतावर ज्याची कुंडली आहे, त्याची नावड म्हणजे कायदा. राजाला जे रुचतं त्याला कायद्याचं बळ असतं हे तत्त्व काही वर्षांत कायदेपंडित उल्पियन लिहून ठेवेल, तेव्हा ते नवं नसेल. आज रुटिलियानाला वाडी देणारी मर्जी आणि त्या एकोणतीस सिनेटरांचे जीव घेणारी मर्जी एकाच राजवाड्यात राहते, एकाच खुर्चीतून येते. तिला सुटं करून फक्त दयाळू भाग ठेवून घेण्याची सोय या न्यायालयात नाही.

असली कलमं मात्र पुढे इतरांनाही खटकली. चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइनने तारणाच्या व्यवहारातलं असं जप्तीचं कलम बेकायदा ठरवलं. सेव्हेरसच्या नावडीला निदान शंभर वर्षांनी एका नियमाचं रूप आलं.

पॉलसची सळई चालते आहे. या आणि अशा निकालांचे त्याने तीन भाग लिहिले. नोंदींची पद्धत मोठी ठाम: पक्ष कोण, प्रश्न काय, मला काय वाटलं, सम्राटाला काय वाटलं. आपण हरलो हे तो लपवत नाही आणि सम्राट बरोबर होता असं लिहायलाही त्याला घाई नाही. बाकावरचं सगळं एका सुरात नसायचं, हेही त्याच्याकडूनच कळतं. एका सरकारी जमिनीच्या लिलावात द्राक्षांच्या हंगामाचं उत्पन्न कोणाचं, या वादात सगळे खरेदीदाराच्या बाजूला झुकले असताना पापिनियन आणि मेसियस हा आणखी एक सल्लागार यांनी मध्येच वेगळा विचार मांडला: जमीन कसणारा कूळ आहे ना, मग पीक त्याचं, खरेदीदाराने त्या वर्षीचा खंड घ्यावा. बाकावरून कुळाची आठवण प्रेटोरियन सैन्याच्या प्रमुखाने करून द्यावी, यात मला फार गंमत वाटते.

सम्राटाशेजारी बसलेला तो जाडजूड मानेचा तरुण तुम्ही मघापासून पाहताय. थोरला मुलगा अँटोनिनस. इतिहास त्याला कॅराकॅला म्हणेल. वय अठरा. गेली आठ वर्षं सहसम्राट, म्हणजे निकालांवर नाव त्याचंही लागतं. त्याला कंटाळा आलाय. 211 च्या फेब्रुवारीत बाप यॉर्कला मरेल, डिसेंबरमध्ये हा धाकट्या भावाला आईच्या कुशीत मारवेल, आणि पुढच्याच वर्षी पापिनियनला. मारेकऱ्याने कुऱ्हाड वापरली म्हणून कॅराकॅला त्याच्यावर चिडला, तलवार वापरायला हवी होती म्हणाला. एवढीच त्याची हरकत. त्याच वर्षी त्याने साम्राज्यातल्या जवळजवळ सगळ्या स्वतंत्र रहिवाशांना रोमन नागरिक करून टाकलं, म्हणजे या कायद्यात दाद मागणाऱ्यांची संख्या एका हुकमाने कितीतरी पटींनी वाढली. तेही एकाच माणसाचं काम. पापिनियनप्रमाणे उल्पियनचाही शेवट हिंसकच झाला: 223 मध्ये त्याला प्रेटोरियन सैनिकांनीच ठार केलं.

पण 426 साली कायदा झाला की न्यायाधीशांनी पाच मृत पंडितांची मतं मोजावीत: पापिनियन, पॉलस, उल्पियन, गेयस, मोडेस्टिनस. समसमान झाली तर पापिनियन ज्या बाजूला ती जिंकली. आणि 533 मध्ये सम्राट जस्टिनियनने कॉन्स्टँटिनोपलला जुन्या पंडितांच्या लेखनाचा जो प्रचंड संग्रह प्रसिद्ध केला, त्याचा सुमारे सहावा हिस्सा एकट्या पॉलसचा आहे. संकलकांना जुनं मत बदलण्याची, छाटण्याची पूर्ण मोकळीक होती. त्यांचाही मालक सम्राटच होता. तरीही रुटिलियानाच्या खटल्यातलं पॉलसचं मतभेदाचं वाक्य त्यांनी काढलं नाही.

दुपार झाली. सेव्हेरस उठतो, कोणाचातरी खांदा धरतो, लंगडत आतल्या दाराकडे जातो. घोडा तयार असेल. लेखनिक पाट्या गोळा करतात. तुम्ही गर्दीबरोबर चौकात या, तिथे आवाज एकदम चढलेले आहेत.

रुटिलियानाच्या बाजूचे लोक घोळका करून उभे आहेत. कोणी हसतंय, कोणी उरलेली किंमत आता कशी उभी करायची याचा हिशेब मांडतंय. वाडी परत मिळाली म्हणजे तिचे पैसेही द्यायचे आहेत, हे घाईत कोणी विसरू नये. ओविनियस दिसत नाही. खांबाला टेकून उभा आहे तो टेलेमॅकस. निदान मला तो तसा दिसतो, कारण पॉलसने त्याच्याबद्दल पुढे एक शब्द लिहिलेला नाही. या माणसाने काय गुन्हा केला? बाजारात वाडी विकायला होती, त्याने घेतली. मालकच ती विकत होता. मुलीचं, पालकांचं, मुदतीचं त्याला काय पडलं होतं? मॅग्नाच्या निकालात देणग्यांच्या मानकऱ्यांचा विचार झाला. इथे दुसऱ्या खरेदीदाराचा झाला असेल तर नोंदीत तो उतरलेला नाही. सम्राटाच्या दयेचं बिल असं कुणाच्या तरी दारात जातंच.

त्याचा वकील त्याला बाजूला घेऊन समजावतोय. दिलेली किंमत आता ओविनियसकडून वसूल करावी लागेल, दावा लावू. कुठे? खाली, प्रेटरकडे. तो नाही म्हणाला तर नगराच्या प्रीफेक्टकडे. टेलेमॅकस ऐकून घेतो आणि विचारतो की तिथेही हरलो तर. सम्राटाच्या वर अपील नाही, आणि उल्पियनच्या मते ही गोष्ट सांगणं हाच मूर्खपणा, कारण ज्याच्याकडे अपील करायचं तोच तो. वकील काही बोलत नाही. नुसती मान वळवून ज्या दारातून ते दोघे आत्ताच बाहेर आले त्याच दाराकडे पाहतो.